यंत्राचे सात दिवस आणि डॉक्टरांची पाच मिनिटे

पत्र : माझे वय ४८ वर्षे. गेले चार महिने छातीत मधूनच ठोका चुकल्यासारखे होते. क्षणभर पोकळी जाणवते आणि मग एक जोराचा धक्का बसतो. चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे असे कधीही झालेले नाही. इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्यवस्थित आली. त्यानंतर डॉक्टरांनी छातीवर पट्टी चिकटवून सात दिवसांची नोंद घेतली. तिचा ३४ पानांचा अहवाल संगणकाने तयार केला आहे. त्यात एकूण ठोके ७,३७,०००. त्यांपैकी ‘व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक’ १४,७४०. ‘व्हीटी रन’ एक, चार ठोक्यांचा. सर्वांत मोठा विराम २.४ सेकंदांचा, पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी. आणि ‘एसडीएनएन’ ८८ मिलिसेकंद असे आकडे आहेत. शेवटच्या पानावर लाल चौकटीत ‘धोका : वाढीव’ असे लिहिले आहे. डॉक्टरांनी पाचेक मिनिटे अहवाल चाळला, काही पाने थांबून पाहिली आणि ‘काळजीचे कारण नाही, सहा महिन्यांनी भेटा’ असे सांगितले. माझा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे. तो म्हणतो, ‘डॉक्टरांनी पाच मिनिटे पाहिले, यंत्राने सात दिवस पाहिले.’ मला रात्री झोप येईनाशी झाली आहे. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमच्या मुलाचे वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्या भागाकडे आमच्या व्यवसायातील मंडळींनी बराच काळ काणाडोळा केला, हे आधी मान्य करतो. सात लाखांहून अधिक ठोके एकेक करून पाहणे कोणाही माणसाला शक्य नाही. मी शिकत होतो तेव्हा होल्टरची, म्हणजे अंगावर बाळगायच्या नोंदयंत्राची, नोंद टेपवर असे आणि ती साठपट वेगाने पडद्यावरून सरकवली जाई. म्हणजे चोवीस तासांची नोंद चोवीस मिनिटांत डोळ्यांपुढून जात असे. त्या वेळात डोळा एकदा जरी लवला, तरी रुग्णाच्या आयुष्यातली काही मिनिटे निसटत. संगणकाचा डोळा लवत नाही, हे खरेच आहे. परंतु ‘कोणाचे ऐकावे’ या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे की यंत्राने आणि डॉक्टरांनी एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. माझ्या मते तसे झालेले नाही. किती ठोके पडले, कोणत्या आकाराचे पडले, केव्हा पडले आणि ही नोंद पूर्वी पाहिलेल्या कोणत्या नोंदींसारखी दिसते, हे यंत्राने सांगितले. हे ठोके ज्या हृदयात पडत आहेत ते हृदय कसे आहे, याचा विचार करून डॉक्टरांनी निर्णय दिला. त्यांनी तो निर्णय तुम्हाला नीट उलगडून सांगितला नाही, ही मात्र त्यांची उणीव आहे. लाल चौकट छापलेला कागद रुग्णाच्या हाती देऊन त्या चौकटीबद्दल एक शब्दही न बोलणे मला योग्य वाटत नाही.

यंत्र नेमके काय करते, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे आकडे समजणार नाहीत. पट्टीतील इलेक्ट्रोड त्वचेवरून हृदयाचा विद्युतप्रवाह टिपतात. संगणक प्रथम त्या रेषेतील प्रत्येक उंच, टोकदार भाग शोधतो. खालचे कप्पे आकुंचन पावताना तो उमटतो. हा शोध घेण्याची जी पद्धत आजही अनेक प्रणालींच्या मुळाशी आहे, ती पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडली. त्यानंतर एकसारख्या आकाराच्या ठोक्यांचे गट पाडले जातात: अरुंद ठोके एका गटात, रुंद आणि वेळेआधी आलेले दुसऱ्या गटात, खरखर म्हणून टाकून द्यायचे तिसऱ्या गटात. मग लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील अंतरे मोजली जातात आणि त्यांवरून वेग, विराम आणि अनियमितता ठरवली जाते. अलीकडच्या प्रणालींमध्ये या पायऱ्यांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय जाळे, असते. त्याला नियम शिकवलेले नसतात, हजारो नोंदी आणि त्यांवर तज्ज्ञांनी लावलेल्या खुणा दाखवून त्याला ओळख पटवलेली असते.

ही ओळख किती चांगली पटते? २०१९ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी ५३,५४९ रुग्णांच्या छातीवरील पट्टीतून घेतलेल्या ९१,२३२ नोंदींवर असे एक जाळे शिकवले आणि बारा प्रकारच्या लयी ओळखण्यात ते सरासरी हृदयरोगतज्ज्ञाच्या तोडीचे, किंबहुना थोडे सरसच ठरले. पुढे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चौदा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींच्या तुलनेत गंभीर लयदोष निसटण्याचे प्रमाण संगणकाच्या वाचनात तंत्रज्ञांच्या वाचनापेक्षा पुष्कळ कमी आढळले. हे तुमच्या मुलाला अवश्य सांगा. त्याच तुलनेत संगणकाने खोट्या सूचना मात्र तंत्रज्ञांपेक्षा अधिक दिल्या, हेही सांगा. ज्या यंत्राकडून काहीही निसटू नये अशी आपली अपेक्षा असते, ते यंत्र नसलेले दाखवण्याकडे झुकणारच. राखणीला ठेवलेला कुत्रा सावलीवरही भुंकतो, म्हणून आपण त्याला काढून टाकत नाही, पण तो भुंकला की उठून बाहेर बघून येतो.

म्हणून अशा अहवालात पहिले काम असते ते खुणांच्या मागची प्रत्यक्ष रेषा पाहण्याचे. दात घासताना हात ज्या लयीत हलतो, त्या लयीत इलेक्ट्रोडही हलतो आणि कागदावर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या जलद लयीचा (अहवालातील ‘व्हीटी’), हुबेहूब भास उमटतो. इलेक्ट्रोड सैल झाला की रेषा सपाट होते आणि यंत्र तिला विराम समजते. हे केवळ विद्यार्थ्यांना सांगण्याचे किस्से नव्हेत. १९९९ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बारा रुग्णांच्या हकिकती प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांच्या नोंदींतील खरखर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया समजली गेली, काहींना त्यापायी हृदयापर्यंत नळी घालून तपासणी करून घ्यावी लागली आणि एकाच्या शरीरात तर हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र बसवले गेले. मीही उमेदवारीच्या काळात चार सेकंदांच्या एका ‘विरामा’पायी एका गृहस्थांना रात्री घरून बोलावून घेतले होते. वरिष्ठांनी नोंद पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘विरामाच्या आधी रेषा थरथरते आहे, ती तुम्हाला दिसली नाही का?’ इलेक्ट्रोड निघून आला होता. तुमच्या डॉक्टरांनी ‘काही पाने थांबून पाहिली’ असे तुम्ही लिहिले आहे. ती बहुधा हीच पाने असावीत: चार ठोक्यांचा तो रन, तो विराम आणि जास्तीच्या ठोक्यांचे, म्हणजे अहवालातील ‘व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक’चे, नमुने. जाणत्या डोळ्याला त्यासाठी पाच मिनिटे पुरतात, कारण उरलेले सात लाख ठोके यंत्राने आधीच बाजूला काढून ठेवलेले असतात.

आता तुमचे आकडे पाहू. विरामाचा विषय लवकर संपतो. गाढ झोपेत हृदयाचा वेग मंदावतो आणि दोन ते तीन सेकंदांचे विराम निरोगी माणसांतही, विशेषतः व्यायाम करणाऱ्यांत, आढळतात. पहाटे चारच्या सुमारास, झोपेत, कोणतेही लक्षण नसताना पडलेला २.४ सेकंदांचा विराम मी वाचून सोडून देईन. हाच विराम दुपारी उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला असता, तर माझे मत वेगळे झाले असते.

जास्तीच्या ठोक्यांपाशी मात्र थांबायला हवे. १४,७४० हा आकडा पाहून कोणाचीही छाती दडपेल. परंतु तो सात दिवसांचा आहे. दिवसाला साधारण २,१०० आणि एकूण ठोक्यांच्या दोन टक्के. आम्ही आकड्यापेक्षा हे प्रमाण पाहतो. जास्तीचे ठोके वर्षानुवर्षे फार मोठ्या प्रमाणात पडत राहिले, तर निरोगी हृदयाचेही आकुंचन दुबळे होऊ शकते. परंतु ही शक्यता सामान्यतः दहा टक्क्यांच्या पुढे विचारात घेतली जाते आणि चोवीस टक्क्यांच्या आसपास ती ठळक होते. दोन टक्के त्यापासून बरेच दूर आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेत ७३ निरोगी, लक्षणरहित व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्या सर्वांच्या नोंदींत वारंवार आणि गुंतागुंतीचे जास्तीचे ठोके होते. तरीही वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर त्यांचे आयुष्यमान सामान्य लोकांपेक्षा कमी नसल्याचे दिसले. चार ठोक्यांचा तो रन याच कुळातला. तीन किंवा अधिक ठोके लागोपाठ जलद पडले की यंत्र ‘व्हीटी’ ही अक्षरे छापते, आणि तीस सेकंद किंवा त्याहून अधिक टिकलेल्या प्रकारालाही तीच अक्षरे लागतात. या दोहोंतील फरक पायरीवर अडखळणे आणि जिन्यावरून कोसळणे यांतील फरकाएवढा असू शकतो.

ज्या हृदयाला हृदयविकाराच्या झटक्याने व्रण पडला आहे, ज्याचे आकुंचन दुबळे झाले आहे, त्यात हेच दोन हजार ठोके आणि हाच चार ठोक्यांचा रन मला अस्वस्थ करतो. म्हणून ‘इको व्यवस्थित आली’ हे तुमच्या पत्रातील वाक्य लाल चौकटीपेक्षा मोलाचे आहे. यंत्राला ते वाक्य बहुधा ठाऊकच नव्हते. त्याला फक्त तुमच्या त्वचेवरची रेषा माहीत होती.

ठोके मोजता आले की ते दाबून टाकावेत, असा मोह होणे स्वाभाविक आहे. कदाचित तुम्हालाही वाटले असेल की हे ठोके बंद करणारी गोळी डॉक्टरांनी का दिली नाही. या मोहाची फार मोठी किंमत एकदा मोजली गेली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत जास्तीचे ठोके असले तर मृत्यूचे प्रमाण वाढते, हे नोंदींवरून दिसले होते. त्यावरून ते ठोके औषधाने दाबले तर मृत्यू टळतील, असे सर्वांना वाटले. ‘कास्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत हे तपासले गेले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके छान दाबले. होल्टरचे अहवाल स्वच्छ दिसू लागले. परंतु १४९८ रुग्णांच्या या गटात सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६३ जण दगावले आणि निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला आणि सविस्तर निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी फ्लेकेनाइड योग्य रुग्णांत आजही उपयोगी पडते, त्यामुळे कोणी ते घेत असेल तर हे वाचून परस्पर थांबवू नये. माझा मुद्दा एवढाच आहे की अहवालातील आकडा सुधारणे आणि रुग्णाचा धोका कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंना एक समजल्याने माणसे मेली आहेत. डॉक्टरांनी तुम्हाला गोळी दिली नाही, याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही.

आता ‘एसडीएनएन’. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही. श्वास घेताना, उठताना, झोपताना, रागावताना त्याच्या दोन ठोक्यांमधील अंतर थोडे कमी-जास्त होत राहते. चोवीस तासांतील या चढउताराचे गणिती माप म्हणजे एसडीएनएन. मज्जासंस्थेची हृदयावरील पकड सैल झाली की हा चढउतार आटतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांत हे माप ५० मिलिसेकंदांच्या खाली असणाऱ्यांना १०० च्या वर असणाऱ्यांपेक्षा मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक आढळला. तेव्हापासून ५० आणि १०० हे दोन आकडे अहवालांमध्ये ठाण मांडून बसले आहेत. तुमचा ८८ हा आकडा १०० च्या खाली आहे म्हणून यंत्राने त्याला ‘कमी’ म्हटले असावे. परंतु ते ८०८ जण झटका येऊन गेलेले होते आणि तुम्ही तशा नाही. त्यातच वय, दिवसभराची बैठी दिनचर्या, ताप, अपुरी झोप यांनी हे माप खाली येते, आणि जास्तीचे ठोके गणनेतून नीट वगळले गेले नाहीत तर ते खोटे वरही जाते. तुमच्या झोपेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते लक्षात घेता पट्टी लावलेल्या आठवड्यात तुम्ही निश्चिंत होता असे मला वाटत नाही. हा आकडा मी नोंदवून ठेवीन. त्यावर एकट्यावर काहीही ठरवणार नाही.

यापेक्षा मला अधिक रस आहे तो एका दुसऱ्या मापात, आणि ते तुमच्या अहवालात कुठेतरी आतल्या पानावर असण्याची शक्यता आहे. त्याचे नाव ‘हार्ट रेट टर्ब्युलन्स’. जास्तीचा ठोका पडला की त्या ठोक्याने रक्त कमी फेकले जाते आणि रक्तदाब क्षणभर उतरतो. निरोगी शरीर ते लगेच ओळखते: पुढचे काही ठोके किंचित जलद पडतात आणि मग वेग पुन्हा किंचित मंदावतो. ही हालचाल इतकी सूक्ष्म असते की एका ठोक्यामागे ती डोळ्यांना दिसत नाही. परंतु अनेक ठोक्यांनंतरचे तुकडे एकावर एक ठेवून संगणकाने सरासरी काढली की ती स्पष्ट उमटते. म्युनिक येथील गेओर्ग श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांत ही हालचाल नाहीशी झालेली असते, त्यांना पुढे मृत्यूचा धोका अधिक असतो. मला या मापाचे कौतुक वाटते, कारण त्यात जास्तीचा ठोका आरोपी न राहता परीक्षक होतो. शरीराला तो एक छोटा धक्का देतो आणि शरीर कसे सावरते ते आपण पाहतो. संगणकाशिवाय हे शक्यच नव्हते. कितीही तरबेज डोळा हे पाहू शकला नसता. हे मापही झटका आलेल्या लोकांवरच घासूनपुसून सिद्ध झालेले आहे, त्यामुळे तुमच्याबाबत त्याला निकालाचे स्थान देता येणार नाही. पण ते सामान्य आले असेल, तर तुमच्या डॉक्टरांच्या मताला तेवढाच दुजोरा मिळेल.

आणि आता ती लाल चौकट. एखादे जाळे हजारो नोंदी पाहून ‘या नोंदीचा माणूस पुढे संकटात सापडला, या नोंदीचा सापडला नाही’ असे शिकते आणि नव्या नोंदीला गुण देते. या दिशेने होणारे काम खोटे किंवा फुकाचे नाही. २०२५ मध्येच दोन लाखांहून अधिक दीर्घ नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दिवसाची नोंद पाहून पुढच्या तेरा दिवसांत टिकाऊ व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया कोणाला होईल, याचा अंदाज संगणकाने बांधला आणि ज्यांना ती झाली त्यांपैकी दहातील सुमारे सात जणांना त्याने आधीच हेरले. हे थक्क करणारे आहे. तरीही अशा गुणाचा तुमच्यासाठी अर्थ काय, हे समजण्यासाठी एक हिशेब तुमच्या मुलाबरोबर कागदावर मांडून पाहा. आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतो.

समजा, तुमच्यासारख्या दहा हजार व्यक्तींनी पट्टी लावली आणि त्यांपैकी पन्नास जणांना पुढे खरोखर गंभीर लयदोष होणार आहे. समजा, यंत्र फार उत्तम आहे: होणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांना ते पकडते आणि न होणाऱ्यांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून लाल चौकट देते. म्हणजे पन्नासपैकी पंचेचाळीस पकडले गेले. उरलेल्या ९,९५० जणांपैकी पाच टक्के म्हणजे सुमारे ४९८ जणांनाही लाल चौकट मिळाली. एकूण ५४३ लाल चौकटी, आणि त्यांत खऱ्या पंचेचाळीस; म्हणजे बारांत एक. बाकीचे अकरा जण तुमच्यासारखेच रात्री जागत असतील. हेच यंत्र ज्यांच्या हृदयाला मोठा व्रण आहे आणि ज्यांच्यात दर पाचांतील एकाला धोका आहे, अशा गटावर लावले तर लाल चौकटींपैकी दहातील आठ खऱ्या निघतील. यंत्र तेच, चौकटही तीच. अर्थ मात्र चौकट कोणाच्या हाती पडली यावर बदलला. तुमचा मुलगा हे एका मिनिटात समजून घेईल, कारण हे त्याच्याच क्षेत्रातले गणित आहे.

म्हणून डॉक्टरांना विचारण्यासारखा नेमका प्रश्न असा : ‘हा गुण कोणत्या लोकांच्या नोंदींवर तयार केला आहे, आणि तो कशाचा धोका सांगतो? अ‍ॅट्रियल फिब्रिलेशनचा, अचानक मृत्यूचा, की रुग्णालयात दाखल होण्याचा?’ काही प्रणालींमध्ये ‘वाढीव धोका’ म्हणजे पुढील काही महिन्यांत वरच्या कप्प्यांतील अनियमित लय, म्हणजेच अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन, सापडण्याची शक्यता एवढेच असते. तसे असेल तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. तिथेही घाई उपयोगाची नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लूप’ या चाचणीत ६,००४ व्यक्तींपैकी काहींच्या त्वचेखाली सतत नोंद घेणारे यंत्र बसवले होते; त्यांच्यात अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन सुमारे ३२ टक्के लोकांत सापडले आणि नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांत १२ टक्के. एवढे अधिक सापडूनही आणि रक्त पातळ करणारी औषधे अधिक जणांना सुरू करूनही पक्षाघाताच्या प्रमाणात निर्णायक म्हणता येईल असा फरक पडला नाही. जितके अधिक शोधू तितके अधिक सापडते. सापडलेले सगळेच उपचार मागत नाही.

हे सर्व लिहिले, तरी पत्रावरून निदान करण्याचा अधिकार मला नाही, आणि तुमच्या डॉक्टरांशी दुसरी भेट आवश्यक आहे असे मला वाटते. सहा महिन्यांनी नव्हे, येत्या काही आठवड्यांत. त्या भेटीत चार ठोक्यांच्या रनची आणि त्या विरामाची प्रत्यक्ष रेषा तुम्हाला दाखवावी, अशी विनंती करा. कोणताही चांगला डॉक्टर त्याला नाही म्हणणार नाही. सर्व जास्तीचे ठोके एकाच आकाराचे आहेत की वेगवेगळ्या आकारांचे, हे विचारा. एकाच आकाराचे असतील तर ते बहुधा एकाच ठिकाणाहून येतात. साधा बारा लीडचा इसीजी काढला नसेल तर तो काढून घ्या, कारण काही जन्मजात लयदोषांच्या खुणा त्यात दिसतात आणि पट्टीत दिसत नाहीत. थायरॉइड, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, तेही पाहा. चालत्या पट्ट्यावरील ताण चाचणीत ठोके श्रमाने वाढतात की कमी होतात, हे कळते; निरुपद्रवी प्रकारांपैकी पुष्कळ श्रमाने मावळतात. एमआरआयची गरज आहे की नाही, हे या सर्वांनंतर ठरेल.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि तीच मी समोर असताना सर्वांत आधी विचारली असती : जवळच्या नात्यात कोणाचा तरुण वयात, अचानक, कारण न कळता मृत्यू झाला आहे का? पोहताना बुडणे किंवा झोपेतच जाणे हेसुद्धा त्यात धरा. उत्तर ‘होय’ असेल, तर वर मी दिलेला बराचसा दिलासा मागे घेतो आणि तुम्हाला लयदोषांच्या तज्ज्ञांकडे पाठवतो. तसेच श्रम करताना शुद्ध हरपणे, धडधडीबरोबर अंधारी येणे, छातीत दुखणे किंवा वाढता दम लागणे यांपैकी काही झाले, तर भेटीची तारीख पाहत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, अहवालाचा रंग कोणताही असो.

पट्टी पुन्हा लावण्याची घाई करू नका, आणि लावलीच तर दोन अहवालांची तुलना स्वतः करू नका. जास्तीचे ठोके एका दिवसापासून दुसऱ्या दिवसात आपोआपच इतके बदलतात, की चोवीस तासांच्या दोन नोंदींची तुलना करताना ते सुमारे ८३ टक्क्यांनी घटले तरच ती घट औषधामुळे आहे असे म्हणावे, असे १९७८ मध्ये एका अभ्यासात मांडले गेले होते. पुढच्या वेळी आकडा दुप्पट आला किंवा निम्म्यावर आला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी एका वहीत धक्का कधी जाणवला, तेव्हा काय करत होता, आदल्या रात्री किती झोप झाली, एवढे लिहीत चला. पट्टीवर लक्षणासाठी कळ दाबायची सोय असते. ती तुम्ही दाबली असेल, तर त्या क्षणांच्या रेषा अहवालात वेगळ्या काढलेल्या असतील. बहुतेक वेळा त्या क्षणी एकच जास्तीचा ठोका आणि त्यानंतरची लांबलेली विश्रांती दिसते. तुम्ही लिहिलेली ‘पोकळी’ म्हणजे ती विश्रांती, आणि ‘धक्का’ म्हणजे तेवढ्या वेळात अधिक भरलेल्या हृदयाचा पुढचा, अगदी नेहमीचा ठोका. डॉक्टरांकडे जाताना ती पाने वर ठेवा आणि शेवटचे पान खाली.